एका गहाण वावराची गोष्ट

मित्रांनो, ॲडमिशनचा गोंधळ संपला की आपल्या हॉस्टेलमध्ये दुसरा गोंधळ सुरू होतो, फॉर्म भरायचा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. कोणाचा सातबारा राहिलेला, कोणाचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला. आता गंमत बघा. आमच्या गावात शेतकऱ्याने पीककर्ज वेळेवर भरलं की व्याजात जी सूट मिळते, त्या योजनेलाही डॉ. पंजाबराव देशमुखांचंच नाव आहे. बापाचं कर्ज आणि पोराचं हॉस्टेल, दोन्हीवर एकच नाव. त्यांचं चरित्र वाचायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की हा योगायोग नाही. या माणसाचं सगळं आयुष्य याच दोन गोष्टींभोवती फिरलेलं आहे.

पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. आई राधाबाई, वडील शामराव. घर शेतकऱ्याचं, मूळ आडनाव कदम. पापळच्या शाळेत तिसरीपर्यंतच वर्ग होते. पुढे शिकायचं तर घर सोडणं आलंच. चौथीसाठी चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल. आपण अठराव्या वर्षी हॉस्टेलला आलो तर पहिला आठवडा आईला फोन करून काढतो. हे पोरगं चौथीतच परगावी गेलं.

मॅट्रिकनंतर पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज झालं आणि १९२० मध्ये भाऊसाहेबांनी विलायतेची वाट धरली. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला बोटीने इंग्लंडला पाठवायचं म्हणजे पैसा कुठून आणायचा? शामरावांनी जमीन गहाण टाकली. वाचायला हे एक वाक्य आहे. पण ज्याच्या घरी शेती आहे त्याला विचारा. वावर गहाण पडलं की घरातली माणसं हळू आवाजात बोलायला लागतात. पाऊस लांबला की आधी सावकार आठवतो, मग पीक. तिकडे पोरगा परीक्षा नापास झाला असता तर इकडे घर बुडालं असतं. इतक्या मोठ्या भरवशावर ते शिक्षण चाललं होतं.

भाऊसाहेबांनी तो भरवसा राखला. एडिनबरोला एम.ए. केलं, बॅरिस्टर झाले आणि वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. १९३३ मध्ये तो ग्रंथरूपाने ऑक्सफर्डच्या छापखान्यातून बाहेर पडला. कुणबी शेतकऱ्याच्या मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

१९२६ मध्ये ते परत आले. बॅरिस्टरला मुंबईत काय कमी होतं? पण गडी आला तो अमरावतीलाच. वकिली सुरू केली आणि वकिलीपेक्षा इतर उद्योगच जास्त मांडले. त्यातला पहिला आपल्या जवळचा आहे. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांना शहरात राहायला जागा नाही, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. म्हणून स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने त्यांनी अमरावतीत छात्रालय काढलं. ते सर्व जातींच्या मुलांसाठी होतं. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात सगळ्यांची पंगत एक. आज आपल्या मेसमध्ये ताट घेऊन कोणीही कोणाच्याही शेजारी बसतो आणि भाजीवरून भांडतो. ही मोकळीक आपोआप आलेली नाही मित्रांनो.

१९२७ साली अमरावतीचं अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून चळवळ उभी राहिली, तिच्यात भाऊसाहेब पुढे होते. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. नुसतं भाषण करून ते थांबले नाहीत. १९२७ मध्येच त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केलं, तेही आंतरजातीय. विमलाबाईंनी पुढे वकिलीचं शिक्षण घेतलं आणि भाऊसाहेबांच्या मागे संसदेतही गेल्या. घरात एक आणि व्यासपीठावर दुसरं, असं या जोडप्याने केलं नाही.

आता कर्जाची गोष्ट. वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कापसाचे भाव कोसळले. भाव उतरला तरी सावकाराचं व्याज उतरत नाही. वावरं लिलावात जाऊ लागली. भाऊसाहेबांनी १९२७ मध्येच शेतकरी संघ काढला होता, शेतकऱ्यांची बाजू मांडायला ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्रही चालवलं. १९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षणाबरोबर शेतीचं खातंही त्यांच्याकडे होतं. त्यांच्या धडपडीतून १९३३ चा कर्ज तडजोडीचा कायदा आला. त्याची पद्धत साधी होती. सावकार आणि कुळ दोघांनी मंडळासमोर यायचं, खरं देणं किती ते ठरवायचं आणि झेपतील असे हप्ते बांधायचे. कर्ज बुडवा, असं कायदा म्हणत नव्हता. माणूस आणि वावर दोन्ही शिल्लक राहतील अशा रीतीने फेडा, एवढंच त्याचं सांगणं होतं. ज्याचं स्वतःचं शिक्षण गहाण जमिनीवर झालं, त्याला हे कोणी शिकवावं लागलं नसेल.

१९३२ मध्ये त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. आज विदर्भात या संस्थेच्या शाळा आणि कॉलेजं गावोगाव आहेत, इंजिनीअरिंग आणि मेडिकलसुद्धा. पुढे घटना समितीत गेल्यावरही त्यांनी खेड्याची आणि मागास वर्गांची बाजू लावून धरली.

१९५२ ते १९६२ अशी १० वर्षं केंद्र सरकारात त्यांनी प्रामुख्याने शेतीशी संबंधित खाती सांभाळली. देशात धान्य पुरत नव्हतं. १९५३ मध्ये भातशेतीची जपानी पद्धत देशभर नेण्याची मोहीम त्यांनी चालवली. इंजिनीअरच्या नजरेने बघा, ही पद्धत म्हणजे चांगलं डिझाइन आहे. उंच गादीवाफ्यावर कमी बियाण्यात रोपं तयार करायची, मग दोरी धरून सरळ ओळीत लावायची. ओळी सरळ आल्या की मधून हाताने ढकलायचं कोळपं फिरतं, तण निघतं, खत नेमकं मुळाशी देता येतं. यंत्र मोठं नाही, पण मांडणी बदलली की उत्पादन बदलतं. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला, शेतकऱ्यांची स्वतःची देशव्यापी संघटना असावी म्हणून. त्याच संघटनेमार्फत १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर तिथे आले होते. जगातली शेती शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, ही त्यामागची कल्पना.

१० एप्रिल १९६५ ला दिल्लीत भाऊसाहेब गेले. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, त्याला त्यांचं नाव मिळालं.

नाव मिळालं, पण प्रश्न संपला का? मी यवतमाळ जिल्ह्यातला, खोटं कशाला लिहू? कर्ज अजून आहे, आत्महत्या थांबलेल्या नाहीत. एका माणसाने आणि एका कायद्याने सगळं निभत नाही. आणि आमच्यापैकी बहुतेकांना घरून एकच सांगणं असतं, बाबा रे शिक आणि या वावरातून सुट. बाबांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही, त्यांनी जे पाहिलं ते पाहिलं. भाऊसाहेबही नांगर धरायला परत आले नव्हते. पण जे शिकले ते घेऊन ते शेतकऱ्याच्या बाजूला येऊन उभे राहिले. सुटणं आणि पाठ फिरवणं यात फरक असतो, तो त्यांच्या आयुष्यात मला दिसला.

आपल्याला मंत्री व्हायचं नाही. पण फायनल इयरचा प्रोजेक्ट तर सगळ्यांनाच करायचाय. या दिवाळीत घरी जाल तेव्हा कापसाची वेचणी चालू असेल. आईला विचारा, शेतातल्या कोणत्या कामाने कंबर सगळ्यात जास्त दुखते. प्रोजेक्टचा विषय तिथेच मिळेल.