शहाणी असून वेडी ठरलेली : नेली ब्लाय

बंद दाराआड काय चालते हे जगाला कळावे म्हणून स्वतः त्या दाराआड जाऊन बसणारी माणसे फार थोडी. अमेरिकेतील वृत्तपत्रकार नेली ब्लाय ही त्यांपैकी एक. ज्यांच्या घरी शिकणाऱ्या मुली आहेत त्या पालकांनी तिची ही हकीकत मुलींना अवश्य वाचून दाखवावी.

तिचे खरे नाव एलिझाबेथ कॉक्रन. जन्म ५ मे १८६४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. वडील गिरणीमालक होते, पण ती सहा वर्षांची असताना ते वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते, त्यामुळे घराची घडी विस्कटली. आईने दुसरे लग्न केले तो माणूस दारुडा व मारकुटा निघाला. आईने घटस्फोटासाठी कोर्टात धाव घेतली तेव्हा या कोवळ्या मुलीने उभे राहून साक्ष दिली. पुढे शिक्षिका होण्यासाठी तिने १८७९ मध्ये अध्यापक विद्यालयात नाव घातले. पण एका सत्रातच पैसे संपले आणि शिक्षण सुटले. आपल्या शाळांच्या पटावरूनही मुलींची नावे अशीच कमी होतात, हे तुम्हांला ठाऊक आहे.

१८८५ मध्ये पिट्सबर्गच्या एका वृत्तपत्रात, बाईची जागा घरातच, अशा अर्थाचा लेख आला. तिने संतापून पत्र धाडले. संपादकांना त्यातला जोर आवडला आणि त्यांनी तिला कामावर घेतले. एका लोकप्रिय गाण्यावरून नेली ब्लाय हे टोपणनाव मिळाले. कारखान्यांतील कामकरी स्त्रियांवर तिने लिहिले, सहा महिने मेक्सिकोतून वार्तापत्रे पाठवली. पुढे ती न्यूयॉर्कला आली आणि जोसेफ पुलित्झर यांच्या 'वर्ल्ड' पत्राने तिला काम दिले ते असे : ब्लॅकवेल बेटावरील वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण म्हणून शिरायचे आणि आतले खरे लिहायचे.

सप्टेंबर १८८७ ची ही गोष्ट. आरशासमोर वेडाचे हावभाव गिरवून ती खोटे नाव घेऊन गरीब बायकांच्या एका वसतिगृहात गेली आणि रात्रभर जागी राहून तिने साऱ्यांना घाबरवून सोडले. पोलीस आले, न्यायाधीशापुढे नेले, तेथून इस्पितळात. एकामागून एक डॉक्टरांनी जीभ, नाडी, डोळे पाहिले आणि तिला वेडी ठरवले. बेटावर पाऊल ठेवताच तिने सोंग टाकून दिले व नेहमीसारखी बोलू-वागू लागली. तरीही कोणी तिला शहाणी मानेना! एकदा शिक्का बसला की शहाणपणाचे बोलणेही वेडातच जमा होते.

आत काय होते? बर्फासारख्या थंड पाण्याच्या बादल्या डोक्यावर ओतून आंघोळ. तेच पाणी एकीमागून दुसरीला, अंग पुसायचे फडकेही सर्वांना तेच. कडक, बेचव पाव आणि खवट लोणी. थंडीत अंगावर पातळ कपडा. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत बाकावर ताठ बसायचे. बोलायचे नाही, हलायचे नाही. अशाने धडधाकट बाईसुद्धा दोन महिन्यांत खचेल, असे तिचे मत झाले आणि ते खोटे म्हणता येत नाही. तक्रार केली तर परिचारिकांचा मार. खोल्यांना वेगवेगळी कुलपे; आग लागली तर एकेक दार उघडीपर्यंत कोण वाचणार, हा प्रश्न तिने तेथेच डॉक्टरांना विचारला होता.

सर्वांत वाईट वाटते ते एका जर्मन बाईचे. तिला इंग्रजी येत नव्हते, दुभाष्याची सोय झाली नाही आणि ती वेड्यांत जमा झाली. परक्या भाषेतला फॉर्म हातात घेऊन कचेरीच्या खिडकीपुढे गोंधळून उभे राहिलेल्या माणसाला तिची अवस्था समजावून सांगायला नको.

दहा दिवसांनी पत्राच्या वकिलाने तिला सोडवले. ऑक्टोबरमध्ये लेख छापून आले आणि शहरात खळबळ उडाली. ग्रँड ज्युरी चौकशीला निघाली, तिला बरोबर घेऊन गेली. पण बेटावर आधीच वर्दी पोहोचली होती! सारे चकाचक, पाव चांगला, आणि ज्यांची नावे तिने सांगितली होती त्यांतल्या काही बायका तेथून हलवलेल्या. तरीही ज्युरीने तिचेच म्हणणे उचलून धरले आणि शहराने अशा संस्थांसाठीचे अनुदान बरेच वाढवले. १८९४ मध्ये तेथील रुग्ण दुसरीकडे नेण्यात आले.

पुढे तिने १४ नोव्हेंबर १८८९ पासून ७२ दिवसांत एडन, कोलंबो, सिंगापूर, जपान अशी पृथ्वीप्रदक्षिणा केली. लोक तिला त्यासाठीच अधिक ओळखतात. मला मात्र बेटावरचे ते दहा दिवस मोठे वाटतात. लग्नानंतर तिने पतीचा कारखाना चालवला, तो बुडाला. पहिल्या महायुद्धात आघाडीवरून बातम्या पाठवल्या. २७ जानेवारी १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने ती वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो तेथील पत्रकारांनी १९७८ मध्ये बसवला.