अश्वविद्येचा उपासक, गानविद्येचा पाईक

सर्कशीचे तंबू आता क्वचितच पडतात. वाघ, सिंह, अस्वले यांच्या खेळांवरील बंदी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरली आणि ते योग्यच झाले. परंतु या व्यवसायाबरोबर त्याच्या आद्य प्रवर्तकाची स्मृतीही पुसली जावी, हे मात्र योग्य नव्हे. विष्णुपंत छत्रे हे ते गृहस्थ.

कृष्णाकाठच्या अंकलखोपचा हा तरुण दोन वेडांनी झपाटलेला होता. एक घोड्याचे, दुसरे गाण्याचे. ग्वाल्हेरीस त्यांनी हद्दूखाँसाहेबांकडून ख्यालगायनाची तालीम घेतली. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांची अश्वविद्या नावारूपास आली. मुंबईत किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस आली असता, असे खेळ हिंदी माणसास साधणारे नाहीत, असा त्याने तोरा मिरवल्याची हकीकत सांगितली जाते. हकीकतीत मीठमसाला किती, हा प्रश्न वेगळा. विष्णुपंतांनी दिलेले उत्तर मात्र इतिहासजमा आहे. १८८० साली त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. परकीयांची मक्तेदारी मानलेला हा धंदा देशी माणसांनी, देशी भांडवलावर चालवून दाखविला. मलबारातील तलशेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन यांना कसरतपटू तयार करण्यास त्यांनीच प्रवृत्त केले. केरळच्या सर्कशीच्या परंपरेचे मूळ असे एका मराठी माणसापाशी पोहोचते.

तथापि विष्णुपंतांच्या साहसाची खरी कसोटी रिंगणाबाहेर लागली. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ हे अलौकिक गळ्याचे गवई. अफूच्या व्यसनाने आणि मनोविकाराने ग्रासलेले, निराधार अवस्थेत ते काशीस विष्णुपंतांना आढळले. गुरुपुत्र म्हणून चार पैसे हातावर ठेवून वाट सुधारता आली असती. विष्णुपंतांनी त्यांना आपल्याबरोबर घेतले, सांभाळले, त्यांचे लहरी वागणे सोसले आणि सर्कशीच्या मुक्कामांवर त्यांच्या मैफली घडवून आणल्या. व्याघ्रसिंहांपेक्षाही दुभंगलेल्या मनाच्या कलावंतास जपणे अवघड; तेथे चाबूक चालत नाही.

१९०५ मध्ये विष्णुपंत निवर्तले. त्यानंतर बंधू काशिनाथपंतांनी सर्कशीबरोबर खाँसाहेबांचाही भार वाहिला. १९२२ मध्ये रहिमतखाँ कुरुंदवाडीच पैगंबरवासी झाले. त्यांच्या अखेरच्या काळातील ध्वनिमुद्रिका आज ऐकावयास मिळतात, त्यामागे छत्रे बंधूंची ही निष्ठा उभी आहे.

सर्कशीच्या इतिहासात विष्णुपंत धंदेवाईक म्हणून येतात आणि संगीताच्या इतिहासात आश्रयदाते म्हणून, तेही ओझरते. वस्तुतः या एकाच जीवनाच्या दोन बाजू होत. राजाश्रय ओसरत असता, तिकिटांच्या मिळकतीतून एका घराण्याचा स्वर जतन करणारा हा माणूस होता. कलावंताचे कौतुक करणारे आजही पुष्कळ आहेत. त्याच्या पडत्या काळात त्याला घरी आणणारे किती, हा प्रश्न विष्णुपंतांचे जीवन आजच्या रसिकांपुढे ठेवते.