गास्ताँ प्लान्ते

पावसाळ्याचे चार महिने शेडमध्यें उभें राहिलेलें एखादें लहान विमान बाहेर काढावें, वैमानिकानें कळ दाबावी, आणि पंखा अर्धा वळसा घेऊन स्तब्ध व्हावा, हा प्रसंग असें विमान बाळगणारांस नवा नाहीं. इंजिनांत दोष नसतो, पेट्रोलहि पुरेसें असतें. दुबळी झालेली असते ती शिशाची बॅटरी. तिला पुनः सशक्त करण्याची जी रीति आहे तिचा उगम शोधीत आम्ही मागें मागें गेलों, तेव्हां एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या टेबलाशीं येऊन पोंचलों. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असें आमच्या मनानें घेतलें.

गास्ताँ प्लान्ते याचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजीं दक्षिण फ्रान्समधील ऑर्तेझ या गांवीं झाला. त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस हा पुढें पियानोवादक म्हणून नांवाजला. गास्ताँचा ओढा मात्र पदार्थविज्ञानाकडे होता. १८५४ सालीं पॅरिस येथील कला व उद्योग यांच्या प्रसिद्ध विद्यालयांत तो साहाय्यक म्हणून लागला. दुसऱ्याच वर्षीं पॅरिसजवळ म्यूदों येथें त्यास जमिनींत एक प्रचंड हाड सांपडलें. तें एका नामशेष झालेल्या, उडतां न येणाऱ्या, माणसाएवढ्या उंच पक्ष्याचें होतें. विद्वानांनीं त्या पक्ष्यास ‘गास्तोर्निस’, म्हणजे गास्ताँचा पक्षी, असें नांव दिलें. एकविसाव्या वर्षीं असा मान लाभलेला तरुण जन्मभर हाडें शोधीत राहिला असता तरी नवल नव्हतें. पण तो आपल्या घटांकडे परतला.

त्या काळीं वीज मिळे ती जस्त व अम्ल यांच्या घटांतून. जस्त झिजलें कीं घट संपला. निरनिराळ्या धातूंचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून त्यांतून प्रवाह सोडला व मग तो बंद केला, तर क्षणभर उलट दिशेनें प्रवाह वाहतो, हें पूर्वींच माहीत होतें. सिन्स्टेडेन नांवाच्या जर्मन डॉक्टरानें शिशावरहि हा प्रयोग केला होता. प्लान्तेनें मात्र एकेक धातु घेऊन चिकाटीनें तुलना केली, आणि शिशाचा उलट प्रवाह सर्वांत जोरदार व दीर्घकाळ टिकणारा आहे असें त्यास आढळलें. १८५९ सालीं त्यानें शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांस लागूं नयेत म्हणून मध्यें कापड घातलें, त्यांची गुंडाळी केली, आणि ती पाण्यांत सुमारें दहावा हिस्सा अम्ल घालून त्यांत बुडविली. पुनः पुनः भरतां येईल असा विजेचा पहिला उपयुक्त संचायक तो हाच. पुढील वर्षीं अशा नऊ घटांची बॅटरी त्यानें फ्रेंच विज्ञान अकादमीपुढें मांडली.

हा संचायक भरावयाचा कशानें? तर जुन्याच घटांनीं! उपयोगी डायनामो निघावयास अजून दहा वर्षें होतीं. मग हा उपद्व्याप कशाला, असें कोणीहि व्यवहारी माणूस विचारील. परंतु बारीक झऱ्यानें रात्रभर हौद भरावा आणि सकाळीं मोठा पाट सोडावा, तशी ही युक्ति होती. दोन लहान घट तासन्तास जें ओततील, तें एका क्षणांत धो धो वाहूं शके.

खरी अडचण निराळीच होती. नवीन पत्रा फार थोडी वीज धरी, कारण काम करी तें केवळ त्याच्या पृष्ठभागावरील पातळ थर. प्लान्तेनें तो भरला, रिकामा केला, प्रवाहाची दिशा उलटवून पुनः भरला. मध्यें दिवसचे दिवस विश्रांति दिली, आणि पुनः तेंच. आठवडे, महिने असें चाललें म्हणजे शिशाचा पृष्ठभाग सच्छिद्र, स्पंजासारखा होई व घटाची शक्ति वाढत जाई. आमच्या मतें प्लान्तेचें खरें मोठेपण गुंडाळीपेक्षां या कंटाळवाण्या कामांत आहे.

मेणबत्ती पेटविण्याचें एक लहान यंत्रहि त्यानें केलें व त्यास शनीचें नांव दिलें. युरोपांतील किमयागार शिसें हा शनीचा धातु मानीत. (आमच्या ज्योतिष्यांनीं शनीस लोखंड दिलें आहे!) पुढें शेंकडों घट एकत्र जोडून त्यानें कृत्रिम विजेचे लोळ पाडले आणि आकाशांतील विजेचा अभ्यास केला. १८७९ सालीं त्याचे हे प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. १८८१ सालीं कामीय फोर यानें शिशाच्या संयुगाचा लगदा पत्र्यावर थापून महिन्यांचें काम थोडक्यांत आणलें, आणि कारखाने निघाले. २१ मे १८८९ रोजीं पॅरिसजवळ बेलव्ह्यू येथें प्लान्ते वारला, तेव्हां पहिलें विमान उडण्यास चौदा वर्षें अवकाश होता.

आतां त्या शेडमधील विमानाकडे वळूं. बॅटरी रिकामी होते तेव्हां दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. तें ताजें असतां भरण्यानें निघून जातें. पण महिनोन्महिने तसेंच राहिलें तर त्याचे खडे मोठे व कठीण होतात. अशी बॅटरी विमानांतून काढून उघड्या, हवेशीर जागीं ठेवतात, कारण भरतांना तींतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. पत्रे उघडे पडले असल्यास ते बुडण्यापुरतेंच शुद्ध डिस्टिल्ड पाणी घालतात. अम्ल कधींहि नाहीं. मग अगदीं मंद प्रवाह पुष्कळ तास सोडून अम्लाची घनता वाढावयाची थांबेपर्यंत वाट पाहतात. त्यानंतर ठरलेल्या मानानें ती रिकामी करून किती वेळ टिकते हें घड्याळानें मोजतात, व पुनः भरतात. कांहीं फेऱ्यांनंतरहि नेमलेल्या शक्तीच्या शेंकडा ८० इतकी ती भरली नाहीं, तर ती विमानांतून बाद करावी लागते. इंजिन सुरू होतें ना, मग एवढा काटेकोरपणा कां? उडत असतां इंजिन स्वतःच्या मॅग्नेटोवर चालेल हें खरें. परंतु वीज पुरविणारें जनित्र वाटेंत बंद पडलें, तर रेडिओ व दिवे यांस उतरेपर्यंत त्या एका पेटीचाच आधार असतो.

भरणें, रिकामें करणें, थांबणें व पुनः भरणें, हीं आवर्तनें प्लान्तेच्या टेबलावर महिनोन्महिने चालत. विमानाच्या शेडमध्यें तीं कांहीं दिवसांत आटोपतात.