दूरदर्शी थेमिस्टोक्लीझ

थेमिस्टोक्लीझ हा ग्रीस देशांतील अथेन्स नगराचा मुत्सद्दी. भूमि रुक्ष, परंतु समुद्र जवळ. म्हणून आरमारच नगरास तारील, हें त्यानें ओळखलें. इ. स. पूर्वी ४८३ च्या सुमारास लॉरियमच्या खाणींत विपुल रुपें लागलें. तें वांटून न घेतां युद्धनौका बांधाव्या, असें त्यानें लोकांच्या गळीं उतरविलें. इ. स. पूर्वी ४८० मध्यें इराणचा बादशहा झर्क्सीझ यानें अथेन्स जाळलें. तेव्हां थेमिस्टोक्लीझनें युक्तीनें त्याचें आरमार सॅलॅमिसच्या अरुंद सामुद्रधुनींत ओढून आणिलें. तेथें दाटीमुळें शत्रूच्या नौकांस वळतां येईना. ग्रीकांचा जय झाला. पुढें त्याच नगरानें त्यास हद्दपार केलें व इराणच्याच आश्रयास त्याचा अंत झाला. तथापि त्यानें दाखविलेला सागरमार्ग अथेन्सनें सोडिला नाहीं. विद्यार्थिमित्रहो, नकाशा वाचावा तो असा!