जॉन लोगी बेअर्ड

स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्ग या गावी १३ ऑगस्ट १८८८ रोजी, एका धर्मोपदेशकाच्या घरी जॉन लोगी बेअर्ड यांचा जन्म झाला. सर्दी-पडसे त्यांच्या पाचवीलाच पुजलेले होते. पण हात कधी स्वस्थ बसत नसत. शाळकरी वयातच त्यांनी आपल्या खोलीपासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून दूरध्वनीची सोय केली होती. ग्लासगो येथे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर नोकरी झाली, पायमोज्यांचा आणि साबणाचा व्यापार झाला, त्रिनिदाद बेटावर मुरंब्याचा उद्योगही झाला. प्रकृतीने कोठेच टिकू दिले नाही.

१९२३ साली ते हवापालटासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे आले. गाठीशी पैसा बेताचाच होता. दूरच्या ठिकाणचे हलते चित्र पाहता यावे, हा ध्यास मात्र त्यांनी तेथेच घेतला.

मूळ कल्पना जुनी होती. १८८४ मध्ये जर्मनीतील पॉल निपको यांनी सर्पिल रेषेत छिद्रे पाडलेल्या तबकडीचे एकस्व घेतले होते. तबकडी फिरू लागली की प्रत्येक छिद्र दृश्याच्या एकेका पट्टीवरून सरकते आणि एका फेऱ्यात सारे दृश्य टिपले जाते. प्रकाशाच्या कमीअधिकपणाप्रमाणे विद्युतप्रवाह बदलतो. पलीकडच्या टोकाला त्या प्रवाहाने एक दिवा मंद-प्रखर होतो आणि दुसरी तबकडी त्या प्रकाशातून चित्र पुन्हा जुळवते. दोन्ही तबकड्यांची गती तंतोतंत एक हवी, नाहीतर चित्र विस्कटते. हे कागदावर सोपे. प्रत्यक्षात मिळणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण असे, की जाणत्यांनीही हा नाद सोडून दिला होता.

बेअर्ड यांनी टोपीच्या पुठ्ठ्याच्या पेटीतून तबकडी कापली. चहाचे रिकामे खोके, बिस्किटांचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे, लाख आणि सरस एवढ्या सामग्रीवर यंत्र उभे राहिले. १९२४ मध्ये त्यांनी आकृतीची छाया काही फुटांवर पाठवली. त्याच वर्षी सुमारे हजार व्होल्टचा धक्का बसून त्यांचा हात भाजला. घरमालकाने जागा रिकामी करण्यास सांगितले, तेव्हा ते लंडनमधील सोहो भागातील एका माळ्यावर गेले.

तेथे २ ऑक्टोबर १९२५ रोजी एका बाहुल्याचा चेहरा पडद्यावर छायाप्रकाशासह उमटला. बाहुला निवडण्याचे कारण साधे होते : दिव्यांची धग माणसाला सोसवेना. त्या उष्णतेने बाहुल्याचे केसही करपत. यश येताच बेअर्ड धावत खाली गेले आणि कचेरीतील विल्यम टेंटन या तरुणाला वर घेऊन आले. धगीमुळे तो मागे सरकला, म्हणून प्रथम काहीच दिसले नाही. अर्धा क्राउन हातावर ठेवल्यावर तो पुढे बसून राहिला. दूरचित्रवाणीवर दिसलेला पहिला मानवी चेहरा त्याचाच, असे मानले जाते.

२६ जानेवारी १९२६ रोजी बेअर्ड यांनी हे यंत्र रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना दाखवले. चित्र अवघ्या ३० ओळींचे, थरथरणारे होते. १९२७ मध्ये त्यांनी तारेवरून लंडनहून ग्लासगोला, तर १९२८ मध्ये बिनतारी मार्गाने न्यूयॉर्कजवळ चित्र पाठवले.

तबकडीला मात्र मर्यादा होती. नोव्हेंबर १९३६ पासून बीबीसीने त्यांची २४० ओळींची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची इलेक्ट्रॉनिक पद्धत आलटूनपालटून वापरून पाहिली. त्याच महिन्याच्या अखेरीस क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांच्या कंपनीची तेथील प्रयोगशाळा भस्मसात झाली आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. हा निर्णय तंत्रदृष्ट्या योग्यच होता. बेअर्ड यांनीही मग इलेक्ट्रॉनिक नलिकेचा मार्ग धरला आणि १९४४ मध्ये रंगीत चित्र दाखवणारी नलिका सिद्ध केली.

महायुद्धामुळे बंद पडलेले बीबीसीचे दूरचित्र प्रक्षेपण ७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरू झाले. त्यानंतर एका आठवड्याने, १४ जून रोजी, हेस्टिंग्जजवळच्या बेक्सहिल येथे बेअर्ड यांचे निधन झाले.