विश्लेषण : देवळालीच्या मास्तरांची ‘डेम्लो’ संख्या काय आहे?

डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नसल्याने अनेक गणितज्ञांनी त्यांचे संशोधन करमणूक मानले. तरी ते स्वतःच पुस्तिका छापत राहिले.

त्यांची एक आवडती संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग : १२३४५६७८९८७६५४३२१. अशा संख्यांना त्यांनी रेल्वे स्थानकावरून ‘डेम्लो’ नाव दिले.

असे का होते? गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर सरकतात. उभ्या बेरजा एकपासून नऊपर्यंत चढतात, मग उतरतात. हातचा येत नाही. दहा एक घेतले की हातचा येतो, नक्षी मोडते.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले आणि जगाने दखल घेतली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.