मार्कंडीकाठचे काकासाहेब

खडेबाजारातील गजबज मागे टाकून पश्चिमेची वाट धरली, म्हणजे बेळगुंदीच्या शिवारात मार्कंडी नदी भेटते. ती इतकी लहान, की नकाशात चटकन सापडत नाही. पुढे गोकाकानजीक घटप्रभेस मिळून तिचे नावही संपते. परंतु या चिमुकल्या नदीने एका बालकाशी जे सख्य जोडले, ते आयुष्यभर टिकले. ते बालक म्हणजे दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, अर्थात काकासाहेब.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी सातारा येथे झाला. वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे बिऱ्हाड सतत हलत असे. कधी कारवार, कधी धारवाड, कधी बेळगाव. मित्र जोडावेत तोच गाव सुटे. अशा मुलाला मार्कंडीचा काठ मात्र कायमचा लाभला. मोठ्या नद्यांना त्यांनी माता मानले; हिला मात्र सखी म्हटले.

पुण्यास फर्ग्युसन कॉलेजातून १९०७ मध्ये पदवी घेऊन ते राष्ट्रकार्यात पडले. बेळगावात गणेश विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले, नंतर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवू लागले. सरकारच्या रोषामुळे तेही विद्यालय बंद पडले. तेव्हा १९१२ मध्ये, घरी पत्नी असताना, ते हिमालयाकडे निघाले आणि शेकडो मैल पायी हिंडले. घरच्यांना हे सोसणे सोपे गेले नसेल, हे आपण विसरू नये. परंतु ते तेथेच राहिले नाहीत. माणसांत परतले, आणि १९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधीजींची भेट होऊन त्यांच्या जीवनाची दिशा ठरली.

खरी कसोटी पुढेच होती. १९२३ मध्ये त्यांना साबरमतीच्या तुरुंगात जावे लागले. तेथे ना नदी, ना पर्वत, चहूकडे भिंती. अशा ठिकाणी मन एक तर कुढते, नाहीतर बधिर होते. काकासाहेबांनी मुंग्यांची रांग न्याहाळली, खारी व कावळे यांच्याशी ओळख केली, मांजराचा संसार पाहिला. त्या दिवसांवर त्यांनी गुजरातीत ‘ओतराती दीवालो’ हे पुस्तक लिहिले. (ते प्रथम मराठीत लिहिले असते, तर किती बरे झाले असते!) त्यात कैदेचे रडगाणे नाही, आहे ते अत्यंत सावध, प्रसन्न निरीक्षण.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, रॉजर उल्रिच या अमेरिकन संशोधकाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींना विटांची भिंत दिसे. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. निसर्गाकडे पाहताना मनाला ताण द्यावा लागत नाही, लक्ष सहज रमते, आणि त्यामुळे थकलेली एकाग्रता पुन्हा ताजी होते, असे या विषयाचे काही अभ्यासक मानतात. काकासाहेबांना खिडकीतून झाडे कोणी दाखविली नव्हती. भिंतीच्या आतले जीवन त्यांनी स्वतःच शोधून काढले.

पुढे ते राज्यसभेचे सदस्य झाले, १९६४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. भारतातील नद्या, सरोवरे व धबधबे यांवर त्यांनी ‘जीवनलीला’ हा ग्रंथ रचला. त्यात गंगा आहे, कृष्णा आहे. परंतु पहिले प्रकरण आपल्या मार्कंडीचे आहे.